हॅम्पडनचे हौशी

२९ डिसेंबर २०१२ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटिश फुटबॉलच्या थर्ड डिव्हिजनमधला, म्हणजे चौथ्या पायरीवरचा एक साखळी सामना होता. एरवी यजमान क्वीन्स पार्कच्या अशा सामन्यांना काहीशे प्रेक्षक येत आणि सुमारे ५२ हजार आसनांच्या त्या स्टेडियममध्ये विखरून बसत. त्या दिवशी मात्र ३० हजारांहून जास्त माणसे लोटली, कारण समोर रेंजर्सचा संघ होता. ५४ वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवलेल्या या क्लबची कंपनी त्याच वर्षी कर्जापायी अवसायनात गेली होती. नव्या मालकांनी क्लब पुन्हा उभा केला, तेव्हा लीगच्या ३० पैकी २५ क्लबांनी त्यांना तळाच्या विभागातून सुरुवात करायला लावली. त्यामुळे देशातल्या सर्वांत बलाढ्य क्लबांपैकी एकाची गाठ पगार न घेता खेळणाऱ्या पोरांशी पडली.

सामना ०-० असा चालला होता. हौशी संघाने रेंजर्सला जवळजवळ शेवटपर्यंत रोखून धरले. एक गुण हातात आला असे वाटत असतानाच अगदी अखेरच्या क्षणी रेंजर्सच्या फ्रेझर एर्ड या सतरा वर्षांच्या मुलाने गोल केला. रेंजर्स १, क्वीन्स पार्क ०.

अशा निसटत्या हारी या क्लबच्या इतिहासात जागोजागी भेटतात. पण हरणारा हा संघ म्हणजे कोणी किरकोळ मंडळी नव्हती. आज जगभर खेळला जाणारा फुटबॉल घडवण्यात ज्यांचा मोठा हात आहे, त्यांत क्वीन्स पार्कचे नाव फार वर घ्यावे लागते.

९ जुलै १८६७ रोजी दक्षिण ग्लासगोत काही तरुणांनी हा क्लब स्थापन केला. आपल्याकडे पेठेच्या नावाने तालीम उभी राहते, तसे त्यांनी जवळच्या बागेचे नाव घेतले. हा स्कॉटलंडमधला सर्वांत जुना फुटबॉल क्लब. प्रतिस्पर्धीच नसल्याने सुरुवातीला सभासद आपापसांत दोन तुकड्या पाडून खेळत. १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये एफए कप सुरू करायचे ठरले, तेव्हा चषकासाठी या क्लबने एक गिनी पाठवली. स्पर्धेत त्यांना थेट उपांत्य फेरीत स्थान मिळाले. मार्च १८७२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी वाँडरर्सशी ०-० अशी बरोबरी केली. सामना पुन्हा खेळायचा तर लंडनमध्ये थांबण्याचा किंवा परत येण्याचा खर्च झेपणारा नव्हता. संघ माघार घेऊन घरी परतला आणि वाँडरर्स पुढे चषक जिंकले.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ग्लासगोतल्या एका क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड हा जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. अंगात क्लबचाच गडद निळा शर्ट होता आणि राष्ट्रीय संघाचा रंग आजही तोच आहे. तेव्हाचे इंग्रज खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकट्यानेच मुसंडी मारत. शरीराने हलक्या स्कॉट खेळाडूंनी चेंडू एकमेकांकडे देत पुढे सरकण्याची पद्धत पक्की केली. सामना ०-० सुटला, पण पास देण्याची ही रीत पुढे खेळाचा कणा झाली. १८८१ मध्ये लंडनमध्ये स्कॉटलंडने इंग्लंडला ६-१ असे हरवले तेव्हा कर्णधार होता क्वीन्स पार्कचा अँड्र्यू वॉटसन. ब्रिटिश गयानात जन्मलेला वॉटसन हा जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. हौशी खेळाची बाजू मांडणाऱ्यांनी पहिल्यांदा याचे नाव घ्यायला हवे, असे मला वाटते.

क्लबचे लॅटिन ब्रीद होते, खेळासाठी खेळ. हे ब्रीद सुंदर आहे, पण एकोणिसाव्या शतकात ते पाळणे सगळ्यांना परवडणारे नव्हते. ज्याचे पोट हातावर होते त्याने शनिवारचा अर्धा दिवस बुडवून दूरच्या गावी सामना खेळायचा कसा? लँकेशायरच्या गिरणीगावांतल्या क्लबांनी यावर उपाय काढला आणि स्कॉट कारागिरांना गुपचूप पैसे देऊन बोलावून घेतले. ग्लासगोचा पाथरवट फर्गस सूटर असाच १८७८ च्या सुमारास डार्वेनला गेला आणि नंतर ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून खेळू लागला. १८८४ च्या एफए कप अंतिम सामन्यात ब्लॅकबर्नने क्वीन्स पार्कला २-१ असे हरवले, पुढच्या वर्षी २-० असे. दोन्ही वेळा सूटर विजयी संघात होता. ग्लासगोच्याच पाथरवटाने ग्लासगोच्या सुखवस्तू तरुणांना हरवले, ही गोष्ट इतिहासात केवळ दोन गुणफलकांपुरती उरली आहे. माझ्या मते हौशी खेळाची नैतिक बाजू त्या मैदानावरच डळमळीत झाली होती. १८८५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडने पैसे घेऊन खेळणे अधिकृत केले.

स्कॉटलंडने आणखी आठ वर्षे तग धरला, तोही नावापुरता. क्लबांचे हिशेब वेगळे ठेवले जात आणि खेळाडूंच्या हातात पाकिटे पडत. १८९० मध्ये स्कॉटिश लीग निघाली. साखळी सामने आले की नियमित प्रेक्षक येणार, प्रेक्षकांमागून पैसा येणार आणि लहान क्लब चिरडले जाणार, हे ओळखून क्वीन्स पार्कने लीगमध्ये जायचे नाकारले. त्यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. १८९३ मध्ये त्यांनी सेल्टिकला २-१ असे हरवून दहाव्यांदा स्कॉटिश कप जिंकला. त्याच वर्षी देशात व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाली. अकरावा कप त्यांना आजवर मिळालेला नाही. १९०० च्या अंतिम सामन्यात सेल्टिककडून ४-३ अशी हार पत्करल्यावर, त्याच साली ते अखेर लीगमध्ये उतरले. मात्र पगार न घेण्याचा नियम त्यांनी सोडला नाही.

हे लोक व्यवहारात कच्चे होते असे मात्र कोणी समजू नये. १९०३ मध्ये त्यांनी तिसरे हॅम्पडन पार्क खुले केले. रिओचे माराकाना १९५० मध्ये उभे राहीपर्यंत ते जगातले सर्वांत मोठे स्टेडियम होते. १९३७ च्या स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला तिथे १ लाख ४९ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. एवढ्या वास्तूचे मालक असूनही यांच्या खेळाडूंना वेतन नव्हते!

विसाव्या शतकात या नियमाचा अर्थ हळूहळू पालटला. जो नियम एकेकाळी कष्टकऱ्यांना बाहेर ठेवत होता, त्याच नियमाखाली आता कामगारवस्तीतली पोरे खेळू लागली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस गोव्हन भागातला एक सोळा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा क्वीन्स पार्ककडून उतरला. स्ट्रॅनरारविरुद्धचा तो सामना संघ २-१ असा हरला आणि संघाचा एकमेव गोल याच मुलाचा होता. तो अवजारांच्या कारखान्यात उमेदवारी करत होता आणि पुढे कामगार संघटनेचे कामही त्याने केले. त्याचे नाव अलेक्स फर्ग्युसन, मँचेस्टर युनायटेडचा भावी मॅनेजर.

२०१२ च्या त्या हंगामातही संघात असाच एक जण होता. सेल्टिकने पंधराव्या वर्षी अंगाने लहान म्हणून सोडून दिलेला अँडी रॉबर्टसन डाव्या बगलेवर बचाव करी आणि पोटासाठी हॅम्पडनमध्येच तिकिटांसंबंधीचे फोन घेई. २०१३ मध्ये तो डंडी युनायटेडकडे गेला. सहा वर्षांनी लिव्हरपूलकडून त्याने चॅम्पियन्स लीग जिंकली आणि स्कॉटलंडचा कर्णधारही झाला. मोठ्या क्लबांच्या चाळणीतून गळलेल्या मुलांना खेळायला मैदान देणे, हे या क्लबचे उत्तरकाळातले सर्वांत मोलाचे काम. त्याची नोंद चषकांच्या यादीत होत नाही.

पण हेच काम क्लबला जड जाऊ लागले. करार नसल्यामुळे तयार झालेला खेळाडू निघाला की त्याला थांबवता येत नसे आणि घडवण्याचा मोबदलाही हाती पडत नसे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सभासदांनी १५२ वर्षांचा हौशी दर्जा सोडण्याच्या बाजूने मतदान केले. मला त्यांचा निर्णय रास्त वाटतो, आणि तरीही तो वाचताना वाईट वाटते. हॅम्पडन ५० लाख पौंडांना स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनकडे गेले. क्लबने शेजारचे छोटे लेसर हॅम्पडन स्वतःकडे ठेवले. तिथले बांधकाम पूर्ण होईपर्यंत पगारी झालेला संघ फरहिल आणि ऑकिलव्ह्यू अशा दुसऱ्यांच्या मैदानांवर आपले घरचे सामने खेळत राहिला. या भटकंतीतही एकापाठोपाठ बढत्या मिळवत २०२२ मध्ये तो दुसऱ्या पायरीवर पोचला.