गोलाई आणि घाट : लातूर-नांदेडच्या पायवाटा

सुटीच्या दिवशी एखादे शहर पायी हिंडून पाहण्याची रीत आधुनिक पर्यटनाने आणली असे सर्रास मानले जाते; मराठवाड्यापुरते पाहिले, तर हे म्हणणे टिकत नाही, कारण बाजाराला आणि यात्रेला येणारा माणूस येथील शहरे पूर्वापार पायांनीच ओळखत आला आहे. लातूर आणि नांदेडच्या जुन्या भागांतील रस्ते याच दोन कारणांनी घडले, आणि त्यांपैकी कोणते कारण आजही टिकून आहे यावर त्या रस्त्यांचे पुढचे आयुष्य ठरले.

राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूर' नगराचे अधिपती म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजेच लातूर असे अनेक अभ्यासक मानतात. पापविनाशक मंदिरातील बाराव्या शतकाचा शिलालेख कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या काळातला आहे. मात्र आज पायी फिरणाऱ्यापुढे येते ते लातूर या प्राचीन नगराचे नसून निजामी राजवटीतील पेठेचे आहे. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे, म्हणजे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी, लातूरपर्यंत पोहोचली आणि बालाघाटच्या पठारावरील तूर-ज्वारीला बाहेरची बाजारपेठ खुली झाली. त्यानंतर लवकरच नगररचनाकार फय्याजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार गंज गोलाई उभी राहिली. गंज म्हणजे धान्याची घाऊक पेठ. तिच्या मध्यभागी १९१७ मध्ये बांधलेली दुमजली वर्तुळाकार इमारत, तिच्या केंद्रस्थानी अंबाबाईचे मंदिर आणि या वर्तुळाला येऊन मिळणारे सोळा रस्ते, अशी ही रचना आहे. सोन्याचांदीपासून मिरची-गुळापर्यंत प्रत्येक मालाची ओळ वेगळी ठेवल्यामुळे खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाला विचारपूस न करता हवा तो रस्ता धरता येई, आणि वाट चुकली तरी पावले पुन्हा देवीपाशीच येत. संस्थानी काळातील नगररचनेचा इतका स्पष्ट नमुना मराठवाड्यात क्वचितच सापडतो. पर्यटन पुस्तिका मात्र त्याची बोळवण दोन ओळींत करतात.

नांदेडची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे कोणी आराखडा काढलेला नव्हता. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग गोदाकाठच्या या गावी आले, येथेच त्यांनी माधोदास बैराग्याला बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबकडे धाडले, गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देह ठेवला. जेथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेथे महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड हजूर साहिबची सध्याची वास्तू उभारली. हे शीख पंथाच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे धर्मसत्तेच्या सर्वोच्च पीठांपैकी, एक आहे. गुरूंच्या वास्तव्याशी जोडलेल्या इतर जागांवरही गुरुद्वारे झाली. नगीनाघाट, बंदाघाट, हिराघाट, शिकारघाट, माळटेकडी ही नावे आज भाविकांच्या फेरीत ओघाने येतात. त्यांतील नदीकाठची आणि तख्ताजवळची ठिकाणे पायी करता येतात, दूरची मात्र वाहनानेच बरी.

या वाटा केवळ स्मृतीवर टिकलेल्या नाहीत. रोज पहाटे गोदावरीचे पाणी घागरीत भरून तख्तावर आणले जाते आणि त्या पाण्याने गाभारा धुतला जातो. हे काम करणाऱ्या सेवेकऱ्याला गागरिया सिंग म्हणतात. होळीच्या सुमारास होला मोहल्ल्याला आणि दसऱ्याला शस्त्रे व निशाणे घेऊन हल्लाबोल, म्हणजे चढाईची आठवण जागवणारी मिरवणूक, निघते. २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाकडे गुरुपद सोपवल्याच्या घटनेच्या, त्रिशताब्दीनिमित्त गुरुद्वाऱ्याभोवतालचे रस्ते रुंद झाले, जुनी घरे हटली, आणि परिसराचे रूप इतके पालटले की जुने नांदेड शोधणाऱ्याने थेट नंदगिरी किल्ल्याकडे वळावे हे उत्तम. तरीही घागर आणि मिरवणूक यांमुळे नदी आणि तख्त यांचे नाते तुटले नाही.

लातुरात मात्र असे नाते टिकले नाही. घाऊक धान्याचे सौदे बाजार समितीच्या आवारात गेले, २००७ मध्ये ब्रॉडगेज आली आणि छोट्या गाडीचे युग संपले. गोलाईत किरकोळ व्यापार मोठा आहे, पण सोळा रस्त्यांना ज्या कारणाने आकार आला, ते कारण आता तेथे नाही. म्हणून नांदेडच्या वाटा भाविक सांभाळतील असे धरून चालता येते, गोलाईची मात्र वारसा वास्तू म्हणून जपणूक नगर प्रशासनालाच करावी लागेल, आणि तिचे पहिले पाऊल म्हणजे त्या वर्तुळात निदान काही तास वाहनांना बंदी घालणे हे होय.