कोठारातील धान्य कोणाचे?

लूककृत शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायातील मूर्ख धनवानाचा दाखला आपणा सर्वांना परिचित आहे. उदंड पीक आले, तेव्हा त्याने मोठी कोठारे बांधण्याचा बेत केला. त्याच रात्री त्याचे प्राण मागितले गेले. पीक येणे हे पाप नव्हते. त्याच्या विचारात स्वतःपलीकडे कोणालाही स्थान नव्हते, हा त्याचा दोष होता.

इ.स. 368 च्या सुमारास, आज तुर्कस्तानात असलेल्या कप्पदुकिया प्रांतात दुष्काळ पडला. भाव चढण्याच्या आशेने अनेकांनी धान्य दडवून ठेवले. त्या वेळी धर्मगुरू असलेल्या संत बेसिल यांनी याच दाखल्यावर प्रवचन केले. गरजेहून अधिक साठविलेले अन्न भुकेल्यांचे असते, अशी त्यांची शिकवण होती. श्रीमंतांना कोठारे उघडावयास लावून त्यांनी उपाशी जनांना स्वतः अन्न वाढले. पुढे बिशप झाल्यावर त्यांनी कैसरिया नगराबाहेर रुग्ण व निराधारांसाठी आश्रयस्थान उभारले.

1891 साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला आणि तिचा विनियोग मात्र सर्वांच्या हितासाठी व्हावा, असे शिकविले. आपल्या घरी साठविलेल्यापैकी आपल्या गरजेचे किती व शेजाऱ्याच्या हक्काचे किती, हे आपण प्रार्थनापूर्वक स्वतःला विचारू या.