धारवाडचा संकरित कापूस : परागकणापासून ऊतिसंवर्धनापर्यंत

कापसाच्या दोन भिन्न वाणांचा हेतुपुरस्सर संकर करून मिळालेल्या पहिल्या पिढीच्या सरकीपासून घेतलेले पीक म्हणजे संकरित कापूस. हुबळी-धारवाड हे त्याच्या पैदाशीचे भारतातील एक प्रमुख केंद्र होय.

पार्श्वभूमी

या भागातील काळ्या जमिनीत पिकणारा देशी कापूस बंदराच्या नावावरून ‘कुमठा’ म्हणून ओळखला जाई. एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्सचे अमेरिकी बियाणे येथे रुजले. त्यास ‘धारवाड-अमेरिकन’ हे नाव पडले. १९७० मध्ये सुरत येथे सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित वाण दिला. पाठोपाठ १९७२ मध्ये धारवाड येथे डॉ. बी. एच. कातरकी यांनी ‘वरलक्ष्मी’ तयार केला. ‘लक्ष्मी’ हा अमेरिकी (हिर्सुटम) वाण माता आणि बार्बाडेन्स प्रजातीतील ‘एसबी-२८९ ई’ हा पिता, असा हा दोन प्रजातींचा संकर होता. दोन्ही प्रजातींत ५२ गुणसूत्रे असल्याने तो साधला. १९८१ मध्ये त्यांचाच ‘डीसीएच-३२’ ऊर्फ ‘जयलक्ष्मी’ आला. तलम सुतासाठी लागणारा अतिलांब धाग्याचा कापूस त्यामुळे देशातच पिकू लागला.

परागकणाची घडण

कोवळ्या परागकोशातील मातृपेशीचे अर्धसूत्री विभाजन होऊन चार सूक्ष्मबीजाणू बनतात. परागकोशाच्या आतील पोषक स्तरावर वाढून त्यांचे परागकण होतात. कापसाचे परागकण मोठे, काटेरी व चिकट असल्याने ते वाऱ्याने पसरत नाहीत. ते कीटकच वाहून नेतात.

बीजोत्पादन आणि त्याची किंमत

माडाच्या पोयीत नर व मादी फुले निरनिराळी असतात. कापसाच्या एकाच फुलात मात्र दोन्ही अंगे असतात. म्हणून फूल उमलण्याच्या आदल्या दुपारी मातृवाणाच्या कळीतील पाकळ्या व पुंकेसर नखाने अलगद काढून कळी कागदी पिशवीने झाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पितृवाणाच्या फुलातील पराग तिच्या कुक्षीवर लावतात. प्रत्येक बोंडासाठी हे काम हातानेच करावे लागते. कर्नाटक, आंध्र व गुजरातमधील बीजक्षेत्रांत त्यासाठी लहान मुलींना राबवले जात असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. शिवाय दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात; त्यामुळे शेतकऱ्यास दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते.

हात वाचवण्याचा एक उपाय म्हणजे नरवंध्यत्व. ज्या झाडात पोषक स्तर अकाली नष्ट होऊन परागकण घडतच नाहीत, त्याचे पुंकेसर काढण्याची गरज उरत नाही. ‘हार्क्नेसाय’ या रानटी प्रजातीच्या पेशीद्रव्यापासून असे वाण मिळाले आहेत. तथापि परागीकरणाचे काम त्यातही उरतेच.

ऊतिसंवर्धन

प्रयोगशाळेत पेशीसमूहापासून अखंड रोप उभे करणे कापसात अवघड असते. बहुतेक वाण दाद देत नाहीत. ‘कोकर-३१२’ हा अमेरिकी वाण त्यास अपवाद. म्हणूनच २००२ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या बीटी कापसाचे जनुक आधी ‘कोकर’मध्ये घालून नंतर पारंपरिक संकराने भारतीय वाणांत आणले गेले. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी वेगळी वाट धरली. भ्रूणाच्या कोंबाच्या टोकाचा उपयोग करून त्यांनी ‘बिकानेरी नरमा’ या वाणात थेट जनुक घातले. तो संकरित नसून सरळ वाण असल्याने शेतकरी आपलीच सरकी राखून पुन्हा पेरू शकणार होता.

२००८ मध्ये त्यास लागवडीची मान्यता मिळाली व पुढील वर्षी बियाणे विक्रीस आले. मात्र विक्री लवकरच थांबली. त्यात मोन्सँटोच्या जनुकरचनेचा अंश आढळल्याच्या प्रकरणाची चौकशी भारतीय कृषी संशोधन परिषदेने सुधीर सोपोरी समितीकडे सोपवली. सार्वजनिक संस्थेचे, घरी राखता येणारे बीटी बियाणे त्या वेळी शेतकऱ्यांच्या हाती टिकले नाही.