नामेकुस

उत्तर अमेरिकेच्या थंड व खोल सरोवरांत एक भला मोठा मासा राहतो. इंग्रजीत त्याला ‘लेक ट्राउट’ म्हणतात. खरे पाहता तो ट्राउट नव्हेच. त्याच्या भाऊबंदांतील ‘चार’ या गटातला. म्हणजे गोऱ्यांनी दिलेले नाव चुकीचेच ठरले! शास्त्रीय नावात मात्र त्या भूमीची जुनी वाणी टिकून आहे.

ल्यूबेक या जर्मन नगरीतील वैद्य वाल्बाउम यांनी १७९२ साली, थॉमस पेनंट यांच्या लेखनातील वर्णनावरून, या माशाचे नामकरण केले. तेव्हा त्यांनी हडसन उपसागराकडील क्री लोकांचा ‘नामेकुस’ हा शब्दच लॅटिनमध्ये बसविला: ‘नामायकुश’. ओजिब्वे लोक याच माशाला ‘नमेगोस’ म्हणतात. आपल्याकडील रोहूचे उदाहरण असेच आहे. हॅमिल्टन यांनी १८२२ साली त्याला ‘रोहिता’ म्हटले, तेही येथल्या बोलीतूनच.

सुपीरिअर सरोवराच्या तळाशी याच माशाची एक अतिशय चरबीयुक्त जात असते. तिचे ‘सिस्कोवेट’ हे नाव ओजिब्वे भाषेतील एका लांबलचक शब्दाचा, फ्रेंचांच्या तोंडी झिजलेला अवशेष होय. मूळ अर्थ, ज्याचे मांस तेलकट तो. ज्याने तो मासा शिजविला असेल त्यालाच असे नाव सुचावे!

पुढे या माशावर संकट आले. नायगाराचा धबधबा समुद्राकडील लॅम्प्रे या रक्तशोषक जीवाला अडवीत असे. १८२९ मध्ये वेलंड कालवा झाला आणि धबधब्याला वळसा मिळाला. लॅम्प्रे १९२१ मध्ये ईरी सरोवरात, तर १९३८ मध्ये सुपीरिअरमध्ये आढळला. त्यात अतोनात मासेमारीची भर पडली. मिशिगन सरोवरातून तर १९५० च्या दशकात नामेकुस नाहीसा झाला. लॅम्प्रेची पिल्ले मारणारे रसायन १९५७ साली सापडले, तेव्हा कोठे उतार पडू लागला.

मासा उरला तर तो धरण्याचा हक्क कोणाचा? ओडावा व ओजिब्वे लोकांनी १८३६ च्या तहात मिशिगनमधील विस्तीर्ण भूमी दिली होती, पण मासेमारी सोडली नव्हती. मिशिगन राज्याने त्यांच्या जाळ्यांवर निर्बंध घातले. प्रकरण संघीय न्यायालयात गेले आणि १९७९ साली न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी तो हक्क अबाधित असल्याचा निर्णय दिला.

सुपीरिअर सरोवराच्या बहुतेक भागांत हा मासा पूर्ववत झाल्याचे २०२४ साली जाहीर झाले.