शिळाछापाची सनद आणि पंचांगाची शाई

आपल्या मंदिरांच्या आणि जुन्या घराण्यांच्या पेट्यांत ज्या पोथ्या सापडतात, त्यांचे साधारणतः तीन वर्ग पडतात. पहिला हस्तलिखितांचा आणि शेवटचा खिळ्यांनी छापलेल्या ग्रंथांचा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे, त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या पोथीचे अक्षर बोरूने लिहिल्यासारखे वळणदार असते. एकाच पानावरील दोन ‘श्री’ एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. ओळ क्वचित किंचित वर चढते. पाहणाऱ्याला ते हस्तलिखितच वाटावे. वस्तुतः ते छापील असते. त्याला आपले लोक शिळाछाप म्हणत. ही छपाई एका बव्हेरियन नाटककाराच्या दारिद्र्यातून जन्मली, राजांच्या सनदांनी संरक्षित झाली, आणि मुंबईस पोहोचल्यावर एका विलक्षण प्रश्नापाशी अडली. तो प्रश्न यंत्राचा नव्हता, चरबीचा होता.

ही विद्या आपल्याकडे इतकी हवीशी का झाली हे समजण्यासाठी आधी गोमंतकाकडे वळले पाहिजे. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. तो जेझुइट पाद्र्यांच्या हाती होता. त्याच शतकात गोमंतकातील कित्येक देवालये पाडली गेली आणि भाविकांनी आपल्या देवमूर्ती नदीपलीकडे अंत्रुज महालात हलविल्या. त्यामुळे त्या छापखान्यातून आपली पोथी बाहेर पडण्याचा संभवच नव्हता. परंतु धर्माच्या या प्रश्नाखेरीज आणखी एक अडचण होती, आणि ती खुद्द पाद्र्यांनाही जाणवत होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पाठविलेल्या पत्रात देशी लिपीत ग्रंथ छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली आणि तीत आड येणारी गोष्टही सांगितली. या लिपीला सुमारे ६०० साचे लागतात. युक्तीने ते २०० पर्यंत कमी करता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. रोमन लिपीचे काम २४ साच्यांत भागत होते. ती इच्छा सफल झाली नाही. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांतच छापले गेले.

बाळबोध लिपीची ही संपन्नताच मुद्रकाचे संकट ठरली. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांचा हिशेब घालता खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. वेदपाठाचे उदात्त-अनुदात्त स्वर दाखवायचे तर ती आणखी वाढते. १८०५ साली मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, ती खिळ्यांनी नव्हे, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. ते काम सुंदर होते, पण एकेक पान कोरावयाचे म्हणजे वेळ आणि द्रव्य दोन्ही अपार. लेखकाचा बोरू जसा चालतो तसाच छापा उमटावा, कोरणेही नको आणि ओतणेही नको, अशी युक्ती सापडली तरच आपल्या लिपीची सुटका होणार होती.

ती युक्ती तोवर युरोपात सापडलेली होती. आलोइस सेनेफेल्डर याचा जन्म १७७१ साली प्राग येथे झाला. बाप म्यूनिकच्या रंगभूमीवरील नट. १७९१ साली बाप वारला आणि आलोइसला कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. तो नाटके लिहू लागला. पण छापणावळ इतकी पडे की लेखकाच्या हाती काही उरेना. तेव्हा आपली नाटके आपणच छापावीत असे त्याने मनात घेतले. खिळे आणि यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने अक्षरे कोरण्याचा अभ्यास त्याने आरंभिला. पत्रा महाग, म्हणून सरावासाठी त्याने बव्हेरियातील गुळगुळीत चुनखडीची फरशी घेतली. पैशाची अडचण एवढी की दुसऱ्याच्या बदली सैन्यात भरती होऊन २०० गिल्डर मिळविण्याचाही प्रयत्न त्याने केला. परंतु जन्म प्रागचा, म्हणून परका ठरवून त्याला परत पाठविण्यात आले.

१७९६ सालचा प्रसंग त्याने स्वतःच पुढे आपल्या ग्रंथात सांगितला आहे. धोबीण दाराशी खोळंबली होती आणि आईने कपड्यांची यादी लिहून मागितली. घरात कागदाचा कपटा नव्हता. तेव्हा मेण, साबण आणि काजळ यांच्या शाईने त्याने ती यादी समोरच्या घासलेल्या दगडावरच लिहिली. नंतर पुसण्यापूर्वी कुतूहलाने त्याने दगडावर आम्ल ओतून पाहिले. भोवतालचा दगड झिजला आणि शाईखालची अक्षरे किंचित उठून राहिली. तथापि यादीची ही कथा म्हणजे शिळाछापाचा खरा शोध नव्हे. उठावाची छपाई जगाला पूर्वीच ठाऊक होती. खरा शोध दोन वर्षांनी, १७९८ च्या सुमारास, लागला. अक्षर उठावाचे नको आणि खोलही नको, दगड सपाटच राहू द्यावा, असे त्या शोधाचे मर्म होते.

ते मर्म आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे: तेल आणि पाणी एकजीव होत नाहीत. चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने लिहिले की शाईतील मेदाम्ले दगडातील चुन्याशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा, दगडाला घट्ट धरून राहणारा थर बनतो. उरलेल्या कोऱ्या भागावर डिंकाचे पाणी आणि सौम्य नायट्रिक आम्ल लाविले की तो भाग पाणी धरून ठेवू लागतो. मग दगड ओला करावा आणि छपाईच्या स्निग्ध शाईचा रूळ त्यावरून फिरवावा. ओला भाग शाईला दूर सारतो, लिहिलेला भाग तिला ओढून घेतो. त्यावर कागद ठेवून दाब दिला की पान उमटते. म्हणूनच सेनेफेल्डरने आपल्या विद्येला ‘रासायनिक छपाई’ असे नाव दिले होते. आज रूढ असलेले नाव मागाहून आले. अक्षर उलटे लिहिण्याची अडचणही त्यानेच दूर केली. विशिष्ट लेप दिलेल्या कागदावर लेखकाने नेहमीसारखे सुलटे लिहावे आणि ते लेखन दाबून दगडावर उतरवावे, अशी ही रीत. काम संपले की दगड घासून पुन्हा कोरा करता येई. यासाठी सोल्नहोफेनच्या परिसरातील सूक्ष्म कणांचा दगड सर्वोत्तम ठरला. त्याच खाणींत पुढे जो प्राचीन पक्षी अश्मीभूत सापडला, त्याच्या शास्त्रीय नावातही ‘लिथोग्राफिका’ हे पद १८६१ सालापासून राहिले आहे.

या शोधाला सनदांचे कवच मिळाले. १७९९ साली बव्हेरियाच्या राज्यकर्त्याने सेनेफेल्डरला १५ वर्षांचा अनन्य अधिकार दिला. त्याच वर्षी ओफेनबाखचा संगीतप्रकाशक योहान आंद्रे याने २००० गिल्डर देऊन त्याच्याशी करार केला. १८०१ साली इंग्लंडची सनद मिळाली. कागद, सुती कापड, लोकरी कापड अशा अनेक वस्तूंवरील छपाई तीत अंतर्भूत होती. तरी सनदेने तो धनवान झाला नाही. भागीदाऱ्या मोडल्या, लाभ इतरांच्या पदरी गेला. अखेर जमीनमोजणीचे नकाशे शिळाछापाने छापणाऱ्या बव्हेरियन सरकारी खात्यात १८०९ साली त्याला नेमणूक मिळाली, तेव्हा कुठे त्याच्या संसारास स्थैर्य आले.

सनद या गोष्टीचा अर्थ येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. राज्य शोधकाला सांगते की तुझी कृती लिहून दे. त्या बदल्यात ठराविक मुदतीपर्यंत तिच्यावर हक्क तुझा, मुदत सरली की ती सर्वांची. इंग्लंडात ही मुदत १४ वर्षांची असे, म्हणजे १८०१ ची सनद १८१५ साली संपली. पुढे १८१८ साली सेनेफेल्डरने आपल्या विद्येचा संपूर्ण पाठ देणारा ग्रंथच प्रसिद्ध केला आणि १८१९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. १८२० नंतरच्या दशकात ही छपाई कलकत्ता-मुंबईस आली, तेव्हा ती कोणाची मिरास राहिली नव्हती. हात चालवील त्याची ती होती.

मुंबईत असा हात चालविणारा गृहस्थ निघाला, तो म्हणजे गणपत कृष्णाजी. भंडारी समाजात जन्मलेल्या या माणसाने अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहिले आणि आपल्या लोकांचे ग्रंथ आपणच छापावे अशी जिद्द धरली. त्याने स्वतः यंत्र जुळविले, शाई स्वतः केली आणि १८३१ साली शिळाछापाचे मराठी पंचांग काढले. पुढे बाळबोध खिळेही त्याने आपल्याच कारखान्यात तयार केले. मूळचे मडगावकडील गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात त्याच्या उद्योगाची मनःपूर्वक वाखाणणी केली आहे. नैष्ठिक मंडळी छापील कागदास शिवण्यास भीत आणि आजही कित्येक भितात, हेही त्यांनी तेथेच नोंदविले आहे.

हे भय सर्वस्वी पोकळ होते असे म्हणून चालणार नाही. सेनेफेल्डरच्या पद्धतीत दगडावर लिहिण्याच्या शाईत मेणाबरोबर जनावराची चरबी आणि चरबीपासून केलेला साबण पडत असे. अन्य छपाईत चरबी असलीच तर ती आगंतुक. शिळाछापात मात्र स्निग्ध द्रव्य हा विद्येचा प्राणच होता. तो काढला तर अक्षर दगडाला चिकटणारच नाही. तेव्हा ज्या पंचांगावरून एकादशी ठरवायची, संकल्पाचे तिथी-वार-नक्षत्र उच्चारायचे, ते सोवळ्यात हाती कसे घ्यावे हा प्रश्न विचारणारा आचारनिष्ठ मनुष्य नकळत या शोधाच्या नेमक्या मर्मावर बोट ठेवीत होता.

गणपत कृष्णाजीने त्या प्रश्नाची टवाळी केली नाही. त्याने शाईसाठी चरबीऐवजी तूप योजले, अशी नोंद परंपरेने चालत आली आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही योजना अगदी यथार्थ होती. गाईच्या चरबीत जी मुख्य मेदाम्ले असतात, म्हणजे पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक, तीच तुपातही प्रामुख्याने असतात. स्निग्धता चरबीची की तुपाची हा भेद दगडाला कळत नाही. तो भेद माणसाला कळतो. सेनेफेल्डरच्या तत्त्वाला बाध न आणता आपल्या समाजाच्या मनाचे समाधान करणारे द्रव्य शोधणे, हाही शोधच होय. शाईने सारेच प्रश्न सुटत नव्हते. युरोपातील शिळाछापखान्यांत हातरुळावर चामडे चढविलेले असे. शिवाय छापणारे हात कोणाचे, ही शंका तर शाईच्या पलीकडची होती. तरीही पंचांग घरोघर गेले. ज्या हातांविषयी शंका घेतली जात होती, त्याच हातांनी सोवळ्याला मान देणारी शाई घोटली, हे आपण विसरता कामा नये.

या शोधाची सनद निघाली नाही, आणि निघणे शक्यही नव्हते. शोधकांना अनन्य अधिकार देणारा हिंदुस्थानातील पहिला कायदा १८५६ साली झाला. तो पुढल्या वर्षी रद्द होऊन १८५९ साली सुधारून पुन्हा करण्यात आला. तुपाची शाई त्याच्या कितीतरी आधीची. सेनेफेल्डरचे नाव राजांच्या दप्तरांत राहिले. गणपत कृष्णाजीचे नाव राहिले ते माडगांवकरांसारख्या लेखकाच्या कृतज्ञतेमुळे, आणि त्याच्या पोथ्यांच्या शेवटच्या पानांवर. पुढे गोमंतकपुत्र अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाचा इतिहास १९५८ साली ग्रंथबद्ध केला, त्यात या पूर्वसूरींना यथोचित स्थान मिळाले.

त्यानंतर शिळाछापाने आपल्या धर्मजीवनात जे केले ते सर्वश्रुत आहे. लेखनिकांचा धंदा बुडाला नाही. उलट सुवाच्य अक्षराचा लेखनिक छापखान्याला हवाच होता. स्वरचिन्हांसह संहिता, यंत्राकृती, कुंडल्या आणि सारण्या खिळ्यांवाचून छापता येऊ लागल्या. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली आणि तिच्या रंगीत शिळाछापाच्या देवदेवतांना भिंतीवर मानाची जागा मिळाली. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे गरिबाच्या खोलीतही पोहोचली. ज्याला गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिले जात नव्हते, त्याच्याही घरी देवाचे दर्शन आले. निर्णयसागरासारख्या कारखान्यांनी बाळबोध खिळे परिपूर्ण केल्यावर ग्रंथछपाईतून शिळाछाप मागे हटला. मात्र तेल-पाण्याच्या वैराचे तेच तत्त्व आजच्या ऑफसेट छपाईत धातूच्या पत्र्यावर काम करीत आहे. यंदाचे पंचांगही बहुधा त्याच रीतीने छापलेले असेल.

इतके सांगण्याचे प्रयोजन केवळ इतिहासाचे नाही. मंदिरांच्या जीर्णोद्धारात जुन्या पेट्या उघडल्या जातात. हस्तलिखिते असतील तर कोणी जाणकार ती बाजूला काढतो; बाकी सारे ‘छापील आहे, पुन्हा मिळेल’ म्हणून नदीत विसर्जित होते. त्या बाकीच्या गठ्ठ्यात शिळाछापाची पाने असतात, आणि ती पुन्हा मिळत नाहीत. छाप उठला की दगड घासला जात असे, म्हणजे मूळ जागीही तो मजकूर उरलेला नाही. ओळखण्याच्या खुणा अवघड नाहीत. तेच अक्षर दर वेळी थोडे वेगळे दिसते, पानाच्या पाठीवर खिळ्यांचा दाब हाताला लागत नाही, आणि अखेरीस बहुधा छापखान्याचे नाव व शक दिलेला असतो. अशी पोथी कोरड्या जागी सुती वस्त्रात बांधून ठेवावी आणि विश्वस्तांनी तिची यादीत नोंद करावी. तिच्या शाईत तूप आहे की चरबी, याचा निर्णय आता कोणी करणार नाही. पण तो प्रश्न एके काळी मनोभावे विचारला गेला आणि कौशल्याने सोडविला गेला, याची साक्ष त्या पानांखेरीज दुसरीकडे थोडीच सापडेल.