हडसन बे कंपनीचे दप्तर आणि प्राणिसंख्येची समकालिक आंदोलने

१६७० साली इंग्लंडच्या राजाची सनद मिळवून हडसन बे कंपनीने उत्तर अमेरिकेत कातड्यांचा व्यापार आरंभिला. नफ्यातोट्याच्या हिशेबासाठी ठेवलेले आपले दप्तर पुढे प्राणिशास्त्राच्या इतिहासाचे साधन ठरेल, हे तिच्या कारकुनांच्या स्वप्नीही नसावे. मॅकेंझी नदीच्या प्रदेशातून आलेल्या लिंक्स या रानमांजराच्या कातड्यांचा आकडा १८२८ साली ५,९४३ होता. चारच वर्षांनी तो ९८ वर आला. १८८९ साली अवघी ३९ कातडी मिळाली, तर १९०४ साली ६,९९१. सुमारे साडेनऊ-दहा वर्षांची ही भरतीओहोटी १८२१ ते १९३४ या सबंध कालखंडात दिसते.

१९२४ साली चार्ल्स एल्टन याने अशा आकड्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९४२ मध्ये मेरी निकल्सन हिच्या सहकार्याने त्याने केलेली लिंक्सच्या नोंदींची छाननी इतिहासकारांनीही अभ्यासावी अशी आहे. कातड्यांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे. शिवाय कंपनी ज्याला 'आउटफिट' म्हणे ते व्यापारी वर्ष जूनमध्ये सुरू होई, आणि हिवाळ्यात पकडलेल्या जनावराचे कातडे लंडनच्या लिलावात पोहोचेपर्यंत बराच काळ लोटे. या एका शब्दाचा अर्थ न लावता दोन प्रदेशांची वर्षे जुळविली असती, तर समकालिकतेचा सारा डोलाराच संशयास्पद ठरता. छाननीनंतरही दूरदूरच्या प्रदेशांतील शिखरे थोड्या वर्षांच्या अंतरानेच येत असल्याचे आढळले.

लिंक्सचे मुख्य भक्ष्य असलेल्या सशांच्या चढउताराने आंदोलनाचा उलगडा होतो. परंतु ते सर्वत्र एकाच सुमारास का व्हावे, याचा होत नाही. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र लिंक्सच्या चक्राशी फार काळ मेळ राखू शकत नाही. १९५३ साली पॅट्रिक मोरन या संख्याशास्त्रज्ञाने निराळाच मार्ग दाखविला. दोन ठिकाणच्या प्राणिसंख्यांची अंतर्गत घडण सारखी व रेषीय असेल, तर त्यांच्यातील सहसंबंध तेथील हवामानातील सहसंबंधाइतकाच असतो. हवामानाला स्वतःचे चक्र असण्याची गरजच नाही!

तथापि लिंक्स भटका प्राणी. त्याच्या स्थलांतरानेही प्रदेश जुळू शकतात. हा पेच स्कॉटलंडजवळील सेंट किल्डा द्वीपसमूहात टळतो. हिर्टा व बोररे या बेटांवरील मेंढ्यांना समुद्र ओलांडता येत नाही. तरी त्यांची संख्या एकत्रच चढते-उतरते, असे १९९८ मध्ये ब्रायन ग्रेनफेल व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले. मात्र मेंढ्यांची वाढ रेषीय नसल्यामुळे, मोरनच्या साध्या गणिताने लागेल त्याहून अधिक हवामानसाम्य त्यांना गृहीत धरावे लागले.