ट्रेलेबोर्गचे तिरके टेकू

साल इ. स. ९८१. डेन्मार्कच्या झीलंड बेटाचा पश्चिम किनारा. टुडे आणि वॉर्बी या दोन छोट्या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर तुम्ही चढता, तोच ताज्या तोडलेल्या ओकचा आंबूस वास नाकात शिरतो. पानगळीपासून इथे झाडं पडताहेत. ९७४ मध्ये जर्मन सम्राट दुसऱ्या ओटोने राजा हाराल्डला दक्षिण सीमेवर हरवलं. तोच हा हाराल्ड, ज्याचं ‘ब्लूटूथ’ हे टोपणनाव आज तुमच्या फोनमध्ये आहे. आता त्याला आपली सत्ता साऱ्या मुलखाला दिसेल अशी उभी करायची आहे.

त्यासाठी उभारलेला ट्रेलेबोर्गचा हा माती आणि लाकडाचा तट कंपासाने आखल्यासारखा गोल आहे. चार दरवाजे, काटकोनात छेदणारे दोन रस्ते, चार चौक आणि प्रत्येक चौकात चार घरं. प्रत्येक घर रोमन मापाने शंभर फूट, म्हणजे २९ मीटरांहून किंचित जास्त. लांब भिंती मात्र नावेच्या कुशीसारख्या फुगीर. नदीकाठच्या चिखलात, दोऱ्या आणि खुंट्यांवर इतकी काटेकोर आखणी! तुम्ही थक्क होऊन बघत राहता.

भिंतींना बाहेरून दिलेले तिरके टेकू नीट पाहून ठेवा. हे लाकूड कुजेल, खड्ड्यांत फक्त काळपट माती उरेल. १९३४ मध्ये पुरातत्त्वज्ञ पौल नोर्लुंड इथे खणायला लागतील (त्याआधी एका मोटारसायकल क्लबाला या तटात शर्यती भरवायच्या होत्या!), आणि काळे ठिपके जोडत जोडत अख्खी वसाहत कागदावर उतरवतील. पण १९४२ मध्ये उभारलेल्या घराच्या प्रतिकृतीत हेच टेकू सरळ खांब ठरतील आणि घराभोवती पडवी येईल. खड्डे तिरके होते हे ध्यानात यायला आणखी काही दशकं जातील.

घरांच्या दुरुस्तीच्या खुणा सापडत नाहीत. म्हणजे हा तट फार वर्षं नांदला नाही. पण बाहेर दफनभूमी आहे, आणि मला तटापेक्षा तीच अधिक बोलकी वाटते. शेजारी खांब ओढणाऱ्या तरुणाला विचारा, ‘कुठला रे तू?’ उत्तर त्याच्या दातांत आहे: बालपणी प्यायलेल्या पाण्याची आणि खाल्लेल्या अन्नाची खूण स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या रूपात दातांत उरते. इथे पुरलेल्यांच्या दातांतलं हे स्ट्रॉन्शियम तपासल्यावर २०११ मध्ये दिसलं, की त्यांच्यातले बरेच जण परमुलखातले होते. काही बहुधा नॉर्वेचे, काही बाल्टिकच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्लाव मुलखातले. त्यांच्यात बायका आहेत आणि मुलंही.